घाम येत नाही त्यांचा उन्हाळा

उन्हाळा लागला की सगळीकडून एकच सल्ला सुरू होतो: पाणी भरपूर प्या. सल्ला चांगलाच आहे, पण तो ज्यांना व्यवस्थित घाम येतो त्यांच्यासाठी. प्यायलेलं पाणी शरीराला गार करतं ते मुख्यतः घाम होऊन कातडीवर येतं आणि तिथं वाळतं म्हणून. जुना मधुमेह, पार्किन्सन, डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा शोग्रेन, मणक्याची दुखापत, भाजल्यानंतर राहिलेले मोठे व्रण किंवा रोजच्या काही गोळ्या, यांपैकी कशानंही घामाची यंत्रणा अधू झाली असेल तर पोटात कितीही पाणी गेलं तरी ते गारवा द्यायला कातडीपर्यंत पोचत नाही. अशा माणसाला पिण्याच्या पाण्याइतकंच अंगावरचं पाणी लागतं. घरोघरी ही गोष्ट पोचायला हवी असं मला फार वाटतं.

आधी हिशेब बघू. साठ किलोचा माणूस नुसता बसून राहिला तरी तासाला साधारण ६० ते ७० किलोकॅलरी उष्णता तयार करतो. ती बाहेर पडलीच नाही तर शरीराचं तापमान तासाला एका अंशाहून थोडं जास्तच चढेल. एरवी असं होत नाही, कारण कातडी साधारण ३५ अंशांवर असते आणि भोवतालची हवा त्याहून गार असते. उष्णता आपसूक हवेत जाते. पण पारा ३५ च्या वर गेला की वाट उलटी फिरते. आता हवाच अंगाला तापवू लागते. अकोला, नागपूर, चंद्रपूरला मे महिन्यात ४५ अंश असतात तेव्हा शरीराकडे उष्णता बाहेर टाकायचा एकच रस्ता उरतो, घाम वाळण्याचा. एक लिटर घाम पूर्ण वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. वाळला तर, हे महत्त्वाचं. टपटप गळून जमिनीवर पडलेला घाम वायाच जातो. म्हणून कोकणातला ३४ अंशांचा चिकचिकाट विदर्भातल्या कोरड्या उन्हापेक्षा कधीकधी जास्त जीव घेतो.

माठातलं पाणी गार होतं ते माठ पाझरतो म्हणून. त्यावर बाहेरून तेलरंग मारला तर पाणी तेच, माठ तोच, पण गारवा नाही. घाम न येणाऱ्या माणसाचं नेमकं हेच होतं.

घामाचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतो. मज्जारज्जूतून खाली उतरतो, तिथून बारीक मज्जातंतूंनी कातडीतल्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींपर्यंत जातो, आणि शेवटच्या टप्प्यावर ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन ग्रंथीला घाम सोडायला सांगतं. या वाटेत कुठंही खंड पडू शकतो. मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर येत नाही, कारण तिथले तंतू मेलेले असतात. भाजलेल्या जागी लावलेल्या कातडीत ग्रंथीच काम करत नाहीत. साधं घामोळं आलं तरी तेवढ्या जागेची तोंडं बुजतात आणि पुरळ गेल्यावरही आठवडा-दोन आठवडे तिथला घाम कमीच राहतो. म्हणून दीर्घ आजाराच्या माणसाच्या घामोळ्याकडे नुसती खाज म्हणून पाहू नये.

पण आपल्याकडे सगळ्यात जास्त घरांत सापडणारं कारण मधुमेहच.

पाय कोरडे, चेहरा ओला

मधुमेहात तंतू बिघडतात ते लांबीच्या क्रमानं. सगळ्यात लांब तंतू तळपायांना जातात, म्हणून घाम पहिल्यांदा तिथला आटतो. टाचांना भेगा पडतात, कातडी कागदासारखी होते, मोजे दिवसभर घालूनही ओलसर होत नाहीत. मग पोटऱ्या, मग मांड्या. खालून घाम कमी झाला की शरीर वरच्या भागाकडून तो वसूल करायला बघतं, आणि डोकं, मान, छाती नेहमीपेक्षा जास्त घामेजते. काहींना तर जेवायला बसलं की कपाळावरून धारा लागतात. गार भाकरी खाल्ली तरी. हेही त्याच बिघाडाचं लक्षण.

फसगत होते ती इथंच. माझ्या सासूबाई अमरावतीला असतात. बरीच वर्षं मधुमेह आहे. एप्रिलमध्ये गच्चीवर वाळवणं घालायचा त्यांचा हट्ट. कुरडयांचा चीक सोऱ्यात भरून भराभर घालत होत्या, चेहरा निथळत होता, पदरानं पुसत होत्या. मी म्हटलं, आई, तुम्हाला घाम कमी येतो, आत चला. त्या म्हणाल्या, "मले त घामाच्या धारा लागल्या, अन् तू म्हणते घाम येत नाही!" मी त्यांच्या पोटरीला हात लावला. कोरडीठाक, आणि तापलेल्या पत्र्यासारखी गरम. तळपायांचंही तेच. कपाळ तेवढं ओलं. अंगाचा अर्ध्याहून मोठा भाग गारवा द्यायच्या कामातून बाद झालेला असतो, पण आपण बघतो तोंडाकडे.

तेव्हा तपासायचं असेल तर पाठ, पोटऱ्या आणि तळपाय यांना हात लावून बघा. उकडत असताना, पंखा बंद करून. दवाखान्यातल्या तपासण्याही आहेत. त्यातली जुनी मला फार आवडते, कारण ती डोळ्यांनी दिसते: अंगाला आयोडीन लावतात, ते वाळलं की वर पिठूळ स्टार्च भुरभुरतात आणि माणसाला उबेत बसवतात. जिथं घाम येतो तिथं निळा-काळा रंग उमटतो, जिथं येत नाही ती जागा पिवळसरच राहते. मायनर नावाच्या मज्जातंतुतज्ज्ञानं १९२८ साली सांगितलेली ही पद्धत आजही वापरतात. जुन्या मधुमेहींच्या बाबतीत छाती काळी आणि पाय पिवळे असं चित्र बऱ्याचदा दिसतं.

मधुमेहींसाठी आणखी दोन गोष्टी. साखर एकदम खाली गेली की दरदरून घाम सुटतो, ही ओळखीची खूण. तंतू बिघडले की ही खूण नाहीशी होऊ शकते. त्यामुळे भर उन्हात कुणी गळून गेलं तर "ऊन लागलं" म्हणून थांबू नका, ग्लुकोमीटर लावा. गरम कातडीतून इन्सुलिन भराभर शोषलं जातं, तेही साखर पाडतं. दुसरी गोष्ट इन्सुलिनच्या बाटलीची. वीज गेली, फ्रीज नाही, तर बाटली पिशवीत घट्ट बांधून माठात किंवा ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवणं हा विदर्भात चालणारा आणि खरंच उपयोगी उपाय आहे. कोरड्या हवेत मडकं बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ती थोडा वेळसुद्धा ठेवू नये.

गोळ्यांची बेरीज

ॲसिटिलकोलिनचा निरोप अडवणारी पुष्कळ औषधं आपल्या घरांत आहेत, आणि ती घाम कमी करतात हे घेणाऱ्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. धोतऱ्याचं बी पोटात गेलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, कातडी लाल, गरम आणि कोरडी होते, तो भ्रमिष्टासारखं बोलतो. तसाच गुण, फार सौम्य प्रमाणात, या औषधांमध्ये असतो. लघवीची घाई कमी करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिन आणि सोलिफेनासिन, पार्किन्सनमध्ये आणि मानसिक आजारांच्या औषधांबरोबर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, झोपेसाठी किंवा हातापायांची आग होते म्हणून दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटात मुरडा आला की घेतलं जाणारं डायसायक्लोमिन. मानसिक आजारांवरच्या ओलांझापिन, क्लोझापिन, क्लोरप्रोमाझिन यांचाही या रांगेत नंबर आहे. फिट्स आणि अर्धशिशीसाठीचं टोपिरामेट वेगळ्या मार्गानं घाम घटवतं, आणि लहान मुलांत ते जास्त दिसतं.

एकेका गोळीनं फार बिघडत नाही. बेरजेनं बिघडतं. जुना मधुमेह असलेल्या आजोबांचं उदाहरण घ्या. पायांचे तंतू आधीच गेलेले. तळपायांची आग होते म्हणून अमिट्रिप्टिलिन. रात्री पाचदा उठावं लागतं म्हणून सोलिफेनासिन. त्यात मे महिन्यात सर्दी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली गोळी. प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर आहे, पहिली दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलीत आणि तिसरं दुकानातलं. पण या तिन्ही गोळ्या घामाच्या एकाच नळावर एकावर एक चाव्या फिरवतायत, हे पाहायला कुणी एकत्र बसलेलं नाही. शिवाय रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी शरीरातलं पाणी कमी करते, आणि हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या कातडीकडे जाणारं रक्त कमी करतात. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी घटलं की त्याची रक्तातली पातळी घातक होऊ शकते.

यातली एकही गोळी मनानं बंद करायची नाही. अचानक बंद केल्यानं उन्हापेक्षा मोठं संकट येऊ शकतं. करायचं ते एवढंच: होळीच्या आसपास, म्हणजे ऊन चढायच्या आधी, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरांसमोर मांडायच्या आणि सरळ विचारायचं, "यातल्या कोणत्या घाम कमी करतात? उन्हाळ्यापुरती एखादी बदलता येईल का?" पुष्कळदा येते.

मानसिक आजाराच्या रुग्णांबद्दल मला जास्त काळजी वाटते. दोन-दोन घाम रोखणारी औषधं, त्यात उकडतंय हे लक्षात न येणं, मे महिन्यातही अंगात स्वेटर. २०२१ च्या जूनमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आलेल्या उष्णतेच्या लाटेत ६१९ माणसं दगावली. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना त्या लाटेत मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. घरात असं कुणी असेल तर त्यांनी तक्रार करण्याची वाट पाहू नका, दुपारी आपण होऊन हात लावून बघा.

अंगावरचं पाणी

उपाय साधा आहे आणि जवळजवळ फुकट. ओला पंचा किंवा सुती ओढणी मानेभोवती आणि खांद्यांवर, अंगात पातळ सुती सदरा, तोही ओला करून पिळलेला, आणि वर पंख्याचा वारा. कातडी घाम देत नाही ना, मग आपण घालू. एक पेला पाणी, २०० मिलिलिटर, अंगावर पूर्ण वाळलं तर ११० किलोकॅलरींच्या पुढे उष्णता घेतं. शांत बसलेलं शरीर तासाला जेवढी तयार करतं त्यापेक्षा हे जास्त. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही ओढली जाते आणि ४५ अंशांची हवा अंग तापवतही असते, म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. तरी तासाला दोन-तीन पेले! तेवढं पाणी टंचाईच्या गावातही काढता येतं. बर्फाच्या पाण्याची गरज नाही, माठाचं चालतं. कापड वाळत आलं की पुन्हा ओलं करायचं, एवढं लक्ष मात्र हवं. हातपाय धुणं चांगलं, पण धुऊन टॉवेलानं खसाखसा पुसलं तर केलेलं निम्मं वाया जातं. हात, पोटऱ्या, मान तशीच ओली सोडा.

पाऊल याला अपवाद. मधुमेहींनी पावलं ओली केली तर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्याच, नाहीतर तिथं चिखल्या होतात आणि जखम चिघळते. भेगांना रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. बधिर पायांना बर्फ लावायचा नाही, चटका कळत नाही. तापलेल्या गच्चीवर किंवा देवळाच्या फरशीवर अनवाणी चालणंही तितकंच वाईट. देवळात चपला काढाव्या लागतात, तर जाड मोजे घालून जा. देवाला चालतं.

नुसत्या पंख्याबद्दल थोडं. हवा कातडीपेक्षा गरम असेल आणि अंग कोरडं असेल तर पंखा गरम वारा अंगावर मारत राहतो, दुसरं काही नाही. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली याचं गणित मांडलं. निरोगी तरुणांना साधारण ३९ अंशांपर्यंत पंखा उपयोगी, निरोगी वृद्धांना ३८, आणि घाम कमी करणारी औषधं घेणाऱ्या वृद्धांना फक्त ३७ अंशांपर्यंत. त्या वर गेलं की आधी अंग ओलं करा, मग पंखा लावा. पुष्कळ घरांत आजी-आजोबा दुपारी ४३ अंशांत पंख्याखाली कोरडे पडलेले असतात आणि घरच्यांना वाटतं, व्यवस्था आहे.

विदर्भातला कूलर ही खरोखर मोठी सोय. पण खोलीची दारं-खिडक्या बंद करून लावला की तासाभरात खोली दमट होते आणि काहीच वाळेनासं होतं. समोरची खिडकी उघडी हवी. पुणे, नाशिककडे मे महिन्यात कूलर चालतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीला त्याचा भरवसा नाही. तिथं दमट हवेत ओलं कापडही कमी कामाचं. तिथं गार पाण्याची आंघोळ, हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बसणं आणि शक्य असेल तर एसीची खोली, स्वतःच्या घरी नसेल तर शेजाऱ्यांकडे, दुपारचे दोन-तीन तास. ऑक्टोबरचा उकाडाही धरायचा. एसी ही चैन म्हणून ज्यांना संकोच वाटतो त्यांना सांगते, घाम नसलेल्या माणसासाठी तो कुबडीइतका गरजेचा आहे.

पिण्याचं काय? प्यायचंच, पण सरसकट चार-पाच लिटर नाही. हृदय कमजोर असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी दिलेली मर्यादा उन्हाळ्यातही पाळायची, आणि ती थोडी वाढवायची का ते विचारून घ्यायचं. घामावाटे मीठ जातच नसेल तर मिठाचं सरबत ढोसण्यात अर्थ नाही, रक्तदाब मात्र वाढेल. ताक, पातळ, कमी मिठाचं, उत्तम. पन्ह्यातला गूळ मधुमेहींना साखरच. आणि खिशातला कांदा खिशातच राहतो, त्यानं कुणी वाचत नाही.

"हळूहळू उन्हाची सवय करून घ्या" हा सल्लाही या माणसांना देऊ नये. उन्हाची सवय होते म्हणजे बरंचसं हेच होतं, की आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त यायला लागतो. ज्याला येतच नाही त्याला कसली सवय? नवतपात, म्हणजे मे संपतानाच्या नऊ कडक दिवसांत, कामं पहाटे साडेपाचला सुरू करून नऊला आटपणं, लग्न-बारसं दुपारचं असेल तर निरोप पाठवून घरी थांबणं, हा आळस किंवा नखरा नव्हे. घरच्यांनी एवढं समजून घेतलं तर रुग्णावरचं निम्मं ओझं उतरतं.

काही मुलं जन्मतःच घर्मग्रंथींविना येतात. केस विरळ, दात मोजकेच आणि टोकदार. एक्टोडर्मल डिस्प्लेसिया नावाचा हा आजार. डार्विन यांनी १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे: चार पिढ्यांत दहा पुरुषांना दात कमी, अंगावर केस थोडे, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून अतोनात त्रास. मुलींत एकही नाही. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. अशा बाळांना उन्हाळ्यात वारंवार "ताप" येतो आणि पॅरासिटामॉलनं उतरत नाही, कारण तो ताप नसतोच. मेंदूनं तापमान मुद्दाम चढवलेलं नसतं, उष्णता नुसती साचलेली असते. ओल्या कापडानं ती लगेच उतरते. शाळेत अशा मुलाला पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि पीटीच्या तासाला सावलीत बसवावं, यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दिली की बहुतेक शिक्षक ऐकतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब होणाऱ्या आजाराचं, थोडं वेगळं. तिथं घाम आला तरी शरीर अर्धा अंश तापल्यानंसुद्धा नजर अंधूक होते, पाय जड होतात. श्रमानंतर नजर अशी अंधूक होते हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. गार झालं की बहुतेक पूर्ववत होतं, म्हणून घाबरायचं नाही. उपाय तेच.

घरात थर्मामीटर ठेवा. घाम न येणाऱ्या माणसाला आपण तापलोय हे उशिरा कळतं, आकडा आधी सांगतो. १०० च्या वर दिसलं की काम थांबवा आणि अंग ओलं करा. अर्ध्या तासात उतरलं नाही, किंवा खोकला, लघवीची जळजळ असं काही जोडीला असेल, तर तो जंतूंचा ताप असू शकतो. दवाखान्यात दाखवा.

आणि वागणं बदललं, म्हणजे बरळायला लागलं, झोक जाऊ लागला, माणसं ओळखेना, झटका आला, तर आकड्याची वाट पाहू नका. उष्माघातात कातडी कोरडी पडते असं सांगतात, पण यांची कातडी एरवीही कोरडीच. म्हणून खूण धरायची ती वागण्याची. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत गार करत राहा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी सर्वांगावर ओता, वारा घाला, बगलेत, मानेला आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. साखर तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. क्रोसिन द्यायची नाही, तिचा इथं उपयोग नाही. रुग्णवाहिकेतही ओलं कापड काढू नका. गोळ्यांची ती पिशवी बरोबर न्या, आणि घाम कमी करणारी कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी स्वतः सांगा.